बटाटा नावाची लेयर

विनिपेग,
सोमवार, ३ नोव्हेंबर

प्रिय ओडील,

तू बरी असशील असं धरून चालते. गुडघा जपत जा. मी ठणठणीत आहे. स्टुडिओची खिडकी अखेर बदलली, आता कोट न घालता काम करता येतं.

माझे ईमेल तू न उघडताच काढून टाकतेस, असं तुझी बहीण सेलिन म्हणाली. म्हणून हे पत्र तिच्याच हाती पाठवते आहे. तू वाचून संपवेपर्यंत ती तुझ्या स्वयंपाकघरातून हलणार नाही. तिने तसं कबूल केलं आहे, आणि तुझ्या हातची खिम्याची टुर्तिएर संपवायचंही.

बातमी अशी की बालचित्रपट महोत्सवाने आपली जुनी नांदी पुन्हा मागितली. तीच चाळीस सेकंदांची, अकरा रानहंस शहरावरून उडत जातात ती. रंग नवे, संगीत नवं. पंधरा तारखेला, शनिवारी, पडद्यावर. माझ्याबरोबर दोघं आहेत. जोसी बाकाय, हात सफाईदार, तोंड फटकळ. आणि संगीतवाला आन्सेल, तोच, तुझ्या खुर्चीत बसून सँडविच खाणारा.

तुझी ॲनिमेशनची फाइल सहा वर्षांनी उघडली. चित्राच्या थरांना, लेयरना, नावं द्यायची ही काय रीत झाली, ओडील? ‘पाय’, ‘पाय खरा’, ‘पाय खरा हात लावू नका’. सगळ्यांत खाली ‘बटाटा’. त्यात काहीच नव्हतं. ना रेघ, ना रंग. मी तो काढून टाकला. मग जुन्या प्रती कशाला साठवायच्या, म्हणून त्याही पुसल्या. फाइल लख्ख झाली. मी दोघांना बोलावलं आणि चालवून दाखवली.

नदी सरकली. पूल मागे गेले. हंस जिथल्या तिथे पंख फडफडवत राहिले.

“बससाठी थांबलेत बहुतेक,” जोसी म्हणाली.

“उणे तीसमध्ये?” आन्सेल म्हणाला. “मग बस येतच नाही. चालत जा म्हणावं.”

“गप्प बसा दोघं,” मी म्हटलं.

“लोर्ना, काढलंत काय तुम्ही?” जोसीने विचारलं.

“काही नाही. एक रिकामा बटाटा.”

“रिकामा! अहो, अख्खा थवा त्याला टांगलेला होता! तो स्वतः दिसत नाही, पण तो हलला की सगळे हलतात. मला पहिल्या दिवशी हे कुणी शिकवलं?”

मीच शिकवलं होतं. माझ्या फाइलीत अशा लेयरचं नाव नीट लिहिलेलं असतं, एवढंच मी म्हणू शकले. आन्सेल इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. नंतर मीही हसले. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण सेलिन सांगेलच.

मूळ प्रत तुझ्या डिस्कवर असणार, हे मला त्याच क्षणी आठवलं. जोसीनेही विचारलं, “ओडीलला फोन करायचा का?” मी म्हटलं, “ती कामात असेल.” तू थंडीआधी बागेवर पेंढा पसरत होतीस, हे मला ठाऊक होतं.

तेव्हा हंस वाटून घेतले. जोसीला पाच, मला चार, आणि आन्सेलला दोन, कारण फिदीफिदी हसल्याची शिक्षा. प्रत्येकाने आपापला हंस हाताने, फ्रेममागून फ्रेम, पुढे न्यायचा. चार दिवस गेले. माझे चार एका तालात, पट्टीने आखल्यासारखे. जोसीचे खोडकर. आन्सेलचा एक तर दोन सेकंद उशिरा निघतो आणि धडपडत थव्याला गाठतो.

“याचं काय झालं?” मी विचारलं.

“गाडी सुरू होत नव्हती त्याची. थंडीत इंजिन गरम ठेवायची वायर रात्री लावायला विसरला.”

मी त्याला सरळ करायला माऊस हातात घेतला. जोसी उठून उभी राहिली. “त्या हंसाला हात लावलात तर मी घरी जाते. परत येणार नाही.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुझ्याकडून. त्या वेळी मी हात लावला होता.

आता मुद्द्यावर येते. एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी तू घरी गेलीस की मी तुझं काम उघडून सरळ करायचे. तुला सांगत नव्हते. इतकं सरळ केलं की शेवटी मला वाटू लागलं, हे माझंच आहे. म्हणून त्या नांदीच्या श्रेयनामावलीत मी लिहिलं, ‘संकल्पना आणि ॲनिमेशन: लोर्ना हालदोरसन’. खाली, बारीक अक्षरात, ‘साहाय्य: ओडील लागासे’. तू ते पहिल्या खेळाला, सगळ्यांबरोबर, पडद्यावर वाचलंस. काम सोडताना तू ठेवलेल्या चिठ्ठीत एकच ओळ होती, ‘माझं नाव कुठेही घालू नकोस.’ मी म्हटलं, हट्टी आहे.

हंस का थांबले होते ते मला जोसीच्या त्या वाक्यानंतर कळलं. मी सरळ केले ते पंख होते. उडणं तुझं होतं.

मी माऊस खाली ठेवला. आन्सेलचा हंस उशिराच निघतो. महोत्सवाच्या मंडळींनी तो तीनदा बघितला, आणि तीनही वेळा टाळ्या वाजवल्या.

नावं सोमवारी, दहा तारखेला, द्यायची आहेत. सोबत शेवटच्या फ्रेमची छापील प्रत आहे. वर तुझं नाव, ‘संकल्पना’. खाली आम्ही तिघं, एकाच मापाच्या अक्षरात. ही प्रत अजून कुणालाही दिलेली नाही. नाव ठेवायचं असेल तर कागदावर सही करून सेलिनकडे दे. नको असेल तर कोरा परत पाठव. या खेपेला तुला विचारल्याशिवाय मी काही हलवणार नाही.

शनिवारी तुझी खुर्ची धरून ठेवते. आन्सेलला सँडविच बाहेर खायला सांगितलं आहे.

तुझी साहाय्यक,
लोर्ना