बिनधुराची पहिली फेरी

बाबा, आज सकाळी गाडी चालू आहे हेच मला कळलं नाही. किल्ली फिरवली, कान देऊन बसलो, नेहमीची धडधड काही येईना. म्हटलं, झालं, नव्या नवरीनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. परत किल्ली फिरवली तर आतून असा करकराट उठला की मागे उभी असलेली मावशी ओरडली, "मेल्या, चालूच हाय ती! मोडशील!" बाकीचे ड्रायव्हर हसले, पण हसण्यात जोर नव्हता, कारण त्यांतल्या दोघांनी काल चाचणीच्या वेळी हेच केलं होतं. जन्म डिझेलच्या गाड्यांवर काढलेली माणसं आम्ही. बुडाखाली हादरे बसले नाहीत तर इंजिन मेलं असंच समजणार.

कचऱ्याच्या गाड्या आता एकेक करून गॅसवर आणायच्या ठरल्यात. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरून लांब उभं राहायचं, तुम्हाला हसू आलं असतं. पहिली गाडी आली तेव्हा साहेब ती मोठ्या रस्त्यावर मिरवायला निघाले होते. मी हट्टानं आपल्या घाटीच्या अरुंद रस्त्यासाठी मागून घेतली. तुम्हाला ठाऊकच आहे, अंगावर येणारा चढ, दोन्ही बाजूंना भिंतींसारखे उंच चिऱ्याचे गडगे, धूर एकदा आत शिरला की विहिरीत पडल्यासारखा तिथेच राहतो. मावशीसाठी मागितली. तुमच्या गाडीमागे डबे उचलायची तीच ही मावशी. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत आणि तिची छाती आता तुमच्यासारखीच वाजते. साहेब म्हणाले, "तुला रे कशाला एवढा पुळका?" मी म्हटलं, "साहेब, माझा बापूस त्याच घाटीवर संपला." साहेबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

तुमच्या त्या गाडीचा स्टार्टर मेलेला. सकाळी एकदा ढकलून चालू केली की दुपारपर्यंत बंद करायची नाही आणि थांबायचं ते तोंड उताराकडे करून, हा तुमचा कायदा. नवीन लायसन काढून मी तुमच्या शेजारी बसलो, तेव्हा एका दारात माणसं नाकाला रुमाल लावतायत हे बघून मी शहाण्यानं किल्ली काढली. काय भडकलात तुम्ही! "आता ढकलायला तुझा सासरा येणाराय काय?" माझं तर लग्नही ठरलं नव्हतं. उतार होता म्हणून निभावलं. मी आणि मावशीनं ढकलली, तुम्ही क्लच सोडलात, आणि गाडी चालू होता होता तिनं मावशीच्या तोंडावर काळा लोट सोडला. तुम्ही आरशात बघितलंत आणि मान फिरवलीत. त्या दुपारी जेवणाचा डबा तसाच परत आणलात.

आज पहिल्या दारात थांबलो आणि सवयीनं श्वास रोखून धरला. धूर आलाच नाही. माणूस श्वास रोखणार तरी किती वेळ? सोडला. आणि बाबा, काय सांगू तुम्हाला! कुणाकडे तरी बांगडा तळत होते, त्याचा वास आला. कचऱ्याचा वास आहेच हो, तो काय कुठे जातोय, मासळीचं पाणी सांडलं की अजून डोळ्यांत पाणी येतं. पण दोन दारं पुढे गेलो तर सुरंगीच्या फुलांचा वास! वीस वर्षं त्या दारात थांबतोय, तिथे गडग्यामागे सुरंगीचं झाड आहे हे मला आज कळलं. हात जोडावेसे वाटले, कुणाला ते कळेना. गाडी आली की धाडकन खिडकी लावणारे एक आजोबा आहेत, ते आज उघड्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभे. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे.

आणि मावशीनं तोंडावरचा पदर सोडला. खोकला आहे, तो काय एका सकाळीत जातोय? पण डबे ओतता ओतता ती बोलत होती आणि मला पुढे केबिनमध्ये शब्दन् शब्द ऐकू येत होता. "तुझा बापूस असता तर आज नारळ फोडला असता त्यानं." मग रिकामा डबा आपटून म्हणाली, "बिडी नाय, पान नाय, सुपारीसुद्धा कधी तोंडात घातलान नाय. मग छाती गेली कशानं रे त्याची?" तिला उत्तर ठाऊक होतं. मी गाडी पुढे घेतली.

तिला सांगायला मला तोंड नाही, म्हणून इथे लिहितोय, आणि हा कागद सीटखालीच राहणार आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, बिडी किती ओढतात? मी म्हटलं, खूप. कामाचं नाव निघालं तर तुमच्यामागे ही नोकरी मला मिळायची नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. पुढे नातेवाइकांनाही तेच सांगत गेलो. तुम्ही खाटेवर जागे होतात, बाबा. माझ्याकडे बघितलंत, मग डॉक्टरांकडे वळून मान हलवलीत, हो म्हणून.