रवा ना

३ फेब्रुवारी
खाणीच्या रेल्वे सायडिंगवर येऊन पंधरवडा झाला, लाल धूळ अजून कानातून निघत नाही. काम एकच – भरलेल्या वाघिणी बाहेर, रिकाम्या आत. अम्मीने मालवणात सगळ्यांना सांगून ठेवलंय, लेक वाघिणी हाकते! मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे ती मुद्दाम सांगत नाही.

आज इथल्या जुन्या बाळामामांनी डबे जोडायचं शिकवलं. इंजिन मागून ढकलतं. दोन डब्यांत फट उरली की थांबवायचं, मामा फटीत शिरून कपलिंग जोडणार, मी बाहेरून नजर ठेवणार. वॉकी-टॉकी आम्हा दोघांकडे आणि ड्रायव्हरकडे. त्यावर 'थांबा' आणि 'पुढे' एवढंच बोलायचं, मालवणी बंद. ड्रायव्हर विनीत भुसावळचा. मामा म्हणाले, "थांबा म्हणूच्या जाग्यार 'रवा' म्हटलंस, तर तेका वाटात शिरो करूचो आसा." पोट धरून हसले.

५ फेब्रुवारी
लिहवत नाही. मामा आत होते.

६ फेब्रुवारी
मामा ओरोसला, सिव्हिलमध्ये. उजवा हात कोपरापासून काढला. बोलत नाहीत, नुसते छताकडे बघतात.

मामा फटीत वाकलेले, आणि थांबलेलं इंजिन उतारावर सरकायला लागलं. अगदी हळू. त्यांच्या कमरेच्या वॉकी-टॉकीतून फाटका आवाज आला – "रवा ना, रवा ना!" – आणि इंजिन थांबायचं सोडून जोरात आलं. पुढचं नको. चहा घेताना कप बशीवर वाजला तरी दचकते.

घसा पार बसलाय. अम्मी म्हणते, धुळीने.

८ फेब्रुवारी
विनीतला घरी बसवलंय. म्हणतो, निघायचा हुकूम आला होता. सगळे म्हणतात खोटारडा आहे, मोबाइल बघत असणार. मीही तेच म्हणत होते. आज गेटवर भेटला. डोळे सुजलेले. म्हणाला, "मला 'रवाना' ऐकू आलं, ताई. रवाना म्हणजे निघा ना? मी निघालो."

रवा ना. रवाना. आमचं थांबा, त्याचं निघा.

शिऱ्याची गंमत सांगणारे मामा, आणि जिवावर बेतल्यावर त्यांच्याच तोंडात मालवणी! येणारच. अशा वेळी ऑफिसची मराठी कुणाला सुचते?

१० फेब्रुवारी
चौकशीत जबाब दिला. ऐकलं तेच सांगितलं – मामा 'रवा ना' म्हणाले. विनीत सुटला. मग साहेब म्हणाले, "म्हणजे नियम परबांनी मोडला." परब म्हणजे आपले मामा. हात गेला तो गेला, वर दोषही त्यांचाच. सही करावीशी वाटेना. पण खोटं कसं बोलू?

१३ फेब्रुवारी
मामा बोलले. मी माफी मागत होते, जबाबाचं सगळं सांगत होते. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"माझे दोनय हात कपलिंगात होते, आलिमा. वॉकी-टॉकी खंयच्या हातान धरतलंय? तो आवाज तुझो होतो, गो. मी कोणाक सांगूक नाय."

घसा अजून बसलेलाच आहे, आणि धुळीने नव्हे. उद्या साहेबांसमोर खरं बोलण्यापुरता सुटला पाहिजे.