सहाखालची रेघ

प्रिय दीडशहाणे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र केरात टाकायला निघाली असशील. टाकू नकोस. आठ वर्षं आपण बहिणी एकमेकींशी बोललो नाही आणि मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे समेटासाठी लिहितेय असा तुझा गैरसमज व्हायला नको.

काल तुझा नवरा माझ्याकडे आला होता. मी हल्ली एका इस्पितळाच्या तळघरात रक्त तपासते, हे आईकडून तुला कळलं असेलच. नळ्यांच्या ढिगापलीकडे स्टुलावर बसून त्याने सांगितलं, की वर्षभर तुझे सांधे धरलेत, सकाळी बोटं मिटत नाहीत, शर्टाची बटणं तो लावून देतो. डॉक्टरांनी आपल्या प्रयोगातल्या त्या सहा नंबरच्या रसायनाला, सहाला, अडवणारं इंजेक्शन लिहून दिलं, तर तू त्यांच्या टेबलावर स्वतःचा शोधनिबंध आपटलास म्हणे. या रोगात सहाचा हात नाही, हे तुझं लाडकं वाक्य त्यांनाही ऐकवलंस. इंजेक्शन तीन आठवडे फ्रिजच्या दारात पडून आहे. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. भला माणूस आहे. तुझ्या वाट्याला कसा आला, देव जाणे.

तू त्या प्रयोगशाळेत आलीस तेव्हा मला तिथे पाच वर्षं झाली होती. सरांच्या मागे लागून तुला मीच आत घेतलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोवळी टी पेशी धड पहारेकरी नसते की मारेकरी नसते, हे तुला कोणी शिकवलं? जसा निरोप मिळेल तशी ती घडते, आणि त्या निरोपांनाच सायटोकाइन म्हणायचं, हे कोणी सांगितलं? एक निरोप एकटा मिळाला तर ती शरीर शांत ठेवणारी पहारेकरी होते. त्यालाच सहा नंबरच्या निरोपाची जोड मिळाली, की तीच पेशी मारेकरी होऊन आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. आजाऱ्यांच्या रक्तात हे खरंच घडतं का, हे बघायचा प्रयोग माझा होता. आणखी एक गोष्ट शिकवली होती. नळीचं झाकण गोल असतं, त्याला वर-खाली नसतं. आपल्या डब्यात नऊ नंबरच्या निरोपाच्याही नळ्या असायच्या आणि इंग्रजी सहा फिरला की नऊ होतो, म्हणून सहाखाली रेघ मारायचीच मारायची. त्यावर तू खो खो हसलीस आणि माझं नाव रेघाताई ठेवलंस. महिन्याभरात झाडूवाल्या मावशीसुद्धा मला रेघाताई म्हणायला लागल्या.

मग तोच प्रयोग तू हातात घेतलास आणि निबंध तयार झाला. त्यावर तुझं नाव पहिलं आणि माझं चौथं, यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्याही खाली. आयत्या बिळावर नागोबा! वर सगळ्यांदेखत म्हणालीस, की ताई रेघा सुरेख मारते, पण शोध लावायला डोकं लागतं. सर हसले. मी राजीनामा दिला तो त्या हसण्यामुळे.

आता नीट वाच. निबंध छापायला गेला त्या आठवड्यात, जाण्याआधी मी फ्रीजरमधला आपला डबा आवरत होते. झाकणांवरचे आकडे तुझ्या हातचे, रेघ एकाखालीही नाही. मी नळ्यांच्या अंगावरच्या बारीक चिठ्ठ्या वाचल्या. नऊच्या सगळ्या नळ्या रिकाम्या होत्या आणि सहाच्या काठोकाठ भरलेल्या. सहा समजून तू नऊच वापरत राहिलीस, तुझ्या पेशींना सहाचा निरोप कधी मिळालाच नव्हता. मग त्या मारेकरी होणार तरी कशा?

मला मिनिटभरात कळलं. मी फोटो काढला, फ्रीजरचं दार लावलं आणि मूग गिळून बसले. वाटलं, कोणीतरी हाच प्रयोग पुन्हा करील, भर सभेत तुझं नाक कापलं जाईल आणि तेव्हा मी पहिल्या रांगेत बसेन. झालं भलतंच. दुसऱ्यांना वेगळं उत्तर मिळालं की त्यांचे आजारीच वेगळे आहेत, असं तू ठणकावत राहिलीस आणि लोक ऐकत राहिले. फोटो मात्र मी जपून ठेवला. वाईटपणाने ठेवला. पण मला तुझं नाक हवं होतं गं, बोटं नको होती.

आज सकाळी तो फोटो आणि सगळी हकिगत मी संपादकांना पाठवली, सरांनाही पाठवली. निबंध मागे घ्यावा लागेल. त्यावर माझंही नाव आहे आणि गप्प बसल्याचं मी लिहून दिलंय, तेव्हा ही तळघरातली नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. तुझी पत किती उरेल, तेही माहीत नाही. डॉक्टरांच्या टेबलावर आपटायला मात्र तुझ्याकडे आता काही उरलेलं नाही. म्हणून हे पत्र. फ्रिजचं दार उघड आणि त्यांच्याकडे जाऊन ते इंजेक्शन घे. मग बोटं वळायला लागली, की मला पोटभर शिव्या देणारं पत्र लिही. टाइप केलेलं नको, नवऱ्याकडून लिहवून घेतलेलं तर मुळीच नको. स्वतःच्या हाताने लिही.

तुझीच,
रेघाताई