हात जोडणारे पालक

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड.

लातूरच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर आज पुन्हा सगळं गोड गोड. मेसचं जेवण छान, सर देवमाणूस, पोरं मजेत. आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी ते जोडलेले हात. प्रबंध काय या हातांवर लिहू?

गेल्या महिन्यात विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मी ग्रुपवर सांगितलं, की संशोधनासाठी तुमची चर्चा वाचणार आहे. त्याआधी हीच माणसं भाजीतल्या अळ्यांचे फोटो टाकायची. आता एक फोटो नाही. क्लासवाल्यांनी दम दिला असेल? की खोटे पालक घुसलेत?

शेवटी मावशीला फोन लावला. तिचा मुलगा तिथंच शिकतो, तिनंच मला ग्रुपवर घेतलं होतं. ती हसायलाच लागली.

"दम कोण देतंय? तू उगं शंका घ्यायलीस. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या गावात वही घेऊन विचारणारे लई यायचे. समदं बरं हाय म्हणलं की उठून जायचे. तीच सवय हाय बघ."

"मग अळ्यांचे फोटो आता कुठल्या ग्रुपवर टाकता?"

मावशी म्हणाली, "जेवलीस का बाई?"

फोन ठेवला आणि तिचा मेसेज आला. नुसते जोडलेले हात.