पंचफुलेचं नाव

नाशिक, १० मार्च १९६३

सौ. सिंधूले जयभीम.

मी मजेत हाये, जेवणाची आबाळ नाही. तुहा खोकला गेला का? मोताळ्यात ऊन वाढलं असन, लेकरायले जप.

पगार वाढला, तसा औंदा पहिल्यांदा इन्कम टॅक्स लागला. लेकरं असली तं त्यात सूट भेटते, पण दोघांचीच. हिशेबनीस साहेबांनी विचारलं, "मुलं किती?" मी म्हटलं, "दोन." सुगत आन् गौतमीचं नाव सांगितलं. पंचफुला तुह्या पहिल्या घरची, हे साहेबाले काऊन समजावत बसू, असं मनात आलं. बाहेर आलो तं डबा न उघडताच परत नेला.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. साहेब म्हणाले, "अहो, तिसऱ्या नावानं पैशाचीही सूट वाढणार नाही."

म्या म्हटलं, "नको वाढू द्या. थोरली पोरगी हाये माही. तिचं नाव पह्यलं लिहा." त्यांनी लिहिलं.

पंचफुला, आईले हे पत्र तूच वाचून दाखवत असशीन. मी तुले विसरलो नव्हतो, बेटा. लाजलो होतो. राग आला तं येऊ दे, पण उत्तर तुह्याच हातानं लिही.

तुहा बाबा,
इंद्रभान