काचेवरचा कोळी

सोमवार, ३
आलो एकदाचा महालात! एक खाट, एक कमोड, काचेचं दार. ताईची किडनी पोटात बसून दोन महिने झाले. मधेच माझं अंग तिला हाकलायला निघालं, म्हणून जालीम औषध दिलंय. डॉक्टर म्हणाले, तुझे पहारेकरी झोपवलेत, आता साधी सर्दीसुद्धा आत येता कामा नये. ताप आला नाही तर १६ला ताई काचेपलीकडून भेटेल. वही सिस्टरनं दिली, ताप लिहायला. शाळेत एवढं कधी लिहिलं नव्हतं.

बुधवार, ५
काचेवर पेनानं कोळी काढला. झाडूवाली मावशी किंचाळून फडकं टाकून पळाली. परत येऊन म्हणाली, मेल्या, किडनी बदलली, खोड नाही बदलली. कोळी पुसू दिला नाही. ती गेल्यावर बोलायला तोच उरला.

सोमवार, १०
अंग तापलंय. सिस्टर यायच्या आधी गार पाण्याच्या गुळण्या केल्या. अठ्ठ्याण्णव भरला! पट्ठ्या पास. ताईला बघून महिना झाला.

बुधवार, १२
काचेवर अजून तीन ठिपके. मावशीनं उट्टं काढलं! बरं वाटलं, कुणीतरी खेळतंय आपल्याशी. पुसले, जाईनात. मावशी म्हणाली, काच लख्ख आहे, पुरे तुझी नाटकं.

शुक्रवार, १४
ठिपके भिंतीवर. छतावर. या पानावर. डावा डोळा मिटला — गेले. उघडला —

शनिवार, १५
सगळं सांगून टाकलं. डॉक्टर ओरडले नाहीत. त्याचीच भीती वाटली. विषाणू ताईच्या किडनीतूनच आलाय म्हणे. तिच्यात वर्षानुवर्षं झोपलेला, तिला पत्ताच नाही. माझे पहारेकरी झोपले, हा उठला. डोळ्यात शिरलाय. सलाईन लावलंय. पाच दिवस आधी बोलला असतास तर, म्हणाले.
ताईला सांगू नका म्हटलं. तिला वाटेल, तिनंच —

रविवार, १६
उजवाही गढूळ. ताई आली. फोनवर बोलतेय. मी वहीत तोंड खुपसलंय, म्हणजे तिकडं बघायला नको. कोळी दाखवला. म्हणाली, अरे तिकडं कुठं, इकडं आहे. मग म्हणाली, वर बघ, बोटं किती सांग.
तीन म्हटलं.
हसली नाही.
मस्करी केली गं, पाच.
नुसता श्वास येतोय फोनमधून.
दोन. ताई, दोन ना? एक —