पुरे म्हणण्याचा हक्क

मी, खाली सही करणारी, सुतारकामावर पोट भरलेली एकाहत्तर वर्षांची बाई, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं शरीर कामातून गेलं आहे, डोकं नाही. दोन्हींची खात्री डॉक्टरीणबाईंनी करून घेतली आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालू पाहणारे होते, त्यांच्या करामती पुढे येतीलच.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात खोट काही नव्हती. वकिलांनी ते टेबलावर ठेवलं आणि माझ्या नवऱ्याने उजव्या कोपऱ्यात खाली झोकात सही ठोकली, नेमकी साक्षीदाराच्या जागी. तो शिल्पकार आहे. हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तिथेच सही करायची सवय. ज्याला मिळायचं त्यानेच साक्ष दिली तर त्याचं मिळणं जातं, असं वकील म्हणाले. म्हणून हे दुसरं, तो लाकूड बघायला वखारीत गेला असताना केलेलं.

वकिलांनी ‘माझे पती’ असं लिहिलं होतं, ते मी खोडलं. आम्ही एकाच कलाशाळेत शिकलो, अरे-तुरे करत भांडलो, भांडत भांडत लग्न केलं. आता मरताना अहो-जाहो कशाला?

१. पुढचा कारखाना आणि मागच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. शिल्पांनी नाव मिळवलं, छप्पर माझ्या खुर्च्यांनी मिळवलं. हे सगळं नवऱ्याने तो असेपर्यंत वापरावं, त्यानंतर मुलाला जावं. मधल्या काळात मुलाने तिथे मोजपट्टी घेऊन फिरू नये. परवा फिरला. भुश्शाच्या फळ्यांवर लाकडाचा कागद चिकटवून विकायचं त्याचं दुकान आहे आणि त्याला गोदाम हवं आहे. बापाला तो आपल्या घरातली एक खोली देणार आहे. मला औषध पाजता पाजता म्हणाला, “बाबा मजेत राहतील गं. फक्त ठोकाठोक नको, फरशी नवीन आहे.” माशालाही असंच सांगावं, आमच्याकडे मजेत राहा, फक्त पाणी मागू नकोस. आई सुतार, बाप शिल्पकार, आणि पोटी निघाली ही चिकटपट्टी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

२. माझे रंधे, पटाश्या, करवती सुनेला. दुकानातल्या एका कपाटाचं दार मिटेना, तेव्हा ती आपल्या नवऱ्याला न सांगता माझ्याकडे शिकायला आली. रंधा उलटा धरला, पण विचारायची लाज धरली नाही. या घराण्यात हे नवीनच आहे.

३. कोपऱ्यातलं तीन पायांचं स्टूल त्या समीक्षकांना द्यावं, ज्यांनी प्रदर्शनात नवऱ्याच्या शिल्पावर चहाचा कप ठेवला आणि जे माझ्या स्टुलासमोर हात मागे बांधून उभे राहिले. ‘स्त्रीच्या एकटेपणाचा आकार’ असं त्यांनी त्या स्टुलाबद्दल छापून आणलं. बाबा रे, ते बसायला आहे. बसून बघावं, एवढीच अट.

४. शेवटचं कलम वकिलांना पसंत नाही. कायद्यात असलं काही बसत नाही म्हणतात. नसेल बसत. तरी लिहा म्हटलं.

कुठे थांबायचं हे माझ्या नवऱ्याला कळत नाही. सुरुवात झकास करतो, मग तासतच राहतो. कलाशाळेत धावता घोडा कोरायला घेतला आणि परीक्षेला उंदीर नेऊन ठेवला. तेव्हापासून मी माझ्या कामावरून मान वर करते आणि ‘पुरे’ म्हणते, की तो पटाशी खाली ठेवतो. बाकी प्रत्येक गोष्टीत वाद घालतो, यात नाही. त्याच्या शिल्पांतला संयम थोर आहे म्हणे. संयम कसला डोंबलाचा! तो संयम शेजारी बसून खुर्चीचे पाय तासत असायचा.

मी अंथरुणाला खिळल्यापासून तो माझं शिल्प करतो आहे, रंधा मारणारी बाई. ओंडका माझ्या खाटेशेजारी आणून ठेवला आहे, पांघरुणावर ढलप्या उडतात. नाक माझं नाही, इतकी देखणी मी कधीच नव्हते. चापलूस मेला.

मुलाने त्याला गाठलं आणि बापाने भिडेपोटी कबूल करून टाकलं, हातातलं एवढं पूर्ण झालं की येतो तुझ्याकडे. कारखाना मी नवऱ्याला दिला काय आणि न दिला काय, हा माणूस दिल्या शब्दापायी आपण होऊन त्या नवीन फरशीवर जाऊन बसेल, आणि हात मांडीवर ठेवून महिन्याभरात संपेल.

शिल्प पूर्ण होऊन बरेच दिवस झाले. बघताक्षणी मला कळलं होतं. तोंड भिंतीकडे करून रडले, हेही लिहून ठेवते. काल त्याने पटाशी थांबवून विचारलं, “पुरे का गं?”

मी म्हटलं, “छे. अजून पुष्कळ आहे.”

तेव्हा तो तासत राहील. मी बारीक होत जाईन, नाक जाईल, हात जातील, शेवटी मूठभर लाकूड उरेल. उरू दे. ते पूर्ण झालं असं त्याला मुलाने, सुनेने, समीक्षकाने, कोणीही सांगू नये. तो हक्क माझा एकटीचा आहे, मी तो वापरलेला नाही, आणि माझ्यामागे तो कोणालाही देत नाही.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, दोन ठिकाणी वकिलांचं मराठी सुधारलं, आणि खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

ठिकाण: कारखान्यामागची खोली
तारीख: वकिलांनी वर घातली आहे ती

सही: (हात थरथरला आहे, पण माझाच आहे)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. करवतींना धार लावणारे शेजारी. यांना या कागदातून काहीही मिळत नाही, तरी आले.